सॅम आणि फ्रोडो, परत एकदा

आज दिवसभर डोक्यात सिरिथ उंगोलचा जिना आहे. टॉल्किनची फँटसी कादंबरी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' परत वाचायला घेतलीये आणि दुसऱ्या खंडाच्या शेवटाकडे आलं की मी मुद्दाम हळू वाचते, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते माहितीये आणि ते यायला नको असतं.

फ्रोडो एक घातक अंगठी नष्ट करायला शत्रूच्या देशात, मॉर्डॉरला निघालाय, त्याचा माळी सॅम सोबत आहे, आणि एकेकाळी ती अंगठी बाळगलेला गॉलम त्यांना वाट दाखवतोय. सिरिथ उंगोल ही त्या वाटेवरची डोंगरातली खिंड. प्रसंग इतकाच. फ्रोडो आणि सॅम चढून चढून थकलेत, एका कोपऱ्यात दोघांनाही झोप लागलीये. सॅम दगडाला टेकून बसल्या बसल्या झोपलाय, फ्रोडोचं डोकं त्याच्या मांडीवर, सॅमचा एक हात फ्रोडोच्या कपाळावर आणि दुसरा छातीवर. तेवढ्यात गॉलम परत येतो. दगाफटका करायचाच विचार त्याच्या मनात शिजत असतो, पण या दोघांना असं झोपलेलं बघून तो थबकतो. त्याच्या डोळ्यातली ती हिरवी चमक विझते आणि क्षणभर तो नुसता एक म्हातारा, थकलेला, सगळ्यांना मुकलेला जीव दिसतो. मग हळूच हात पुढे करून तो फ्रोडोच्या गुडघ्याला शिवतो. फ्रोडो झोपेत कळवळतो, सॅम दचकून जागा होतो, आणि हा माझ्या मालकाला हात का लावतोय म्हणून त्याच्या अंगावर खेकसतो. झालं. गॉलममध्ये जे काही जागं होत होतं ते तिथेच मरतं. १९६३ च्या एका पत्रात टॉल्किनने स्वतः म्हटलंय की त्याच्यासाठी अख्ख्या कथेतला बहुधा सगळ्यात शोकांत क्षण हाच आहे, सॅमला गॉलममधला बदल दिसला नाही हा.

मला हा प्रसंग आत्ता इतका महत्त्वाचा का वाटतोय, तर माझी एक मैत्रीण आणि माझा मावसभाऊ यांचं सॅम-फ्रोडोच्या नात्यावरून कडाक्याचं वाजलंय. ती म्हणते हे सरळसरळ प्रेम आहे, कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवं. तो म्हणतो ही मैत्री आहे, तुम्हाला दोन पुरुष एकमेकांसाठी जीव टाकताना दिसले की लगेच दुसरंच काहीतरी सुचतं. आणि मग दोघंही माझ्याकडे बघतात. मला वाटतं उत्तर मिठीत किंवा हातात हात घेण्यात शोधायचंच नाहीये, ते या जिन्यावर आहे. सॅम गॉलमवर का खेकसला? नुसता संशय होता म्हणून नाही. तिथे तिसऱ्याला जागाच नव्हती. आणि जिथे तिसऱ्याला जागा नसते तिथे नुसत्या मैत्रीच्या हिशोबात सगळं बसवणं मला तरी अवघड जातं.

सी. एस. लुईस हा टॉल्किनचा ऑक्सफर्डमधला जवळचा मित्र, त्याचं 'द फोर लव्ज' १९६० मध्ये आलं. त्यात तो म्हणतो की प्रेमिक एकमेकांसमोर उभे असतात, एकमेकांत गुंतलेले, आणि मित्र शेजारी शेजारी उभे राहून तिसऱ्याच कशाकडे तरी बघत असतात. शिवाय मैत्रीत मत्सर सगळ्यात कमी, दोघांत तिसरा आला तर मित्रांना उलट आनंदच होतो असंही त्याचं म्हणणं. ही कसोटी लावून बघितली तर गंमत होते. फ्रोडो मॉर्डॉरकडे बघत चाललाय, आणि सॅम कुठे बघतोय? फ्रोडोकडे. त्याला अंगठीचं, राजांचं, युद्धाचं फारसं काही पडलेलं नाही. वाटेत इथिलिएन नावाच्या प्रदेशात फ्रोडो झोपलेला असताना सॅम त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतो, त्याला वाटतं आतून कसलातरी उजेड झिरपतोय, आणि तो स्वतःशीच कबूल करतो की माझं याच्यावर प्रेम आहे, उजेड दिसो न दिसो. कोणी ऐकायला नाही, कोणाला पटवायचं नाही. अशी वाक्यं माणूस उगाच बोलत नाही.

पण त्याच पुस्तकात लेगोलास हा एल्फ आणि गिम्ली हा ड्वार्फ आहेत आणि त्यांनी ही कसोटी मोडीत काढलीये. ते अगदी शेजारी शेजारी उभे राहणारे मित्र. एकाला जंगलं आवडतात, दुसऱ्याला गुहा, आणि त्यांचा करार असा की तू माझ्यासोबत गुहा बघ, मी तुझ्यासोबत फँगॉर्नचं जंगल बघतो. आणि शेवटी परिशिष्टात येतं की लेगोलास समुद्रापार गेला तेव्हा गिम्लीही त्याच्यासोबत गेला. एक ड्वार्फ, एल्फांच्या देशात, एका मित्रासाठी! म्हणजे शेजारी उभं राहणाऱ्यांनाही एकमेकांशिवाय करमत नाहीच की. (ही दोघं मला सॅम-फ्रोडोपेक्षा जास्त हसवतात आणि त्यांच्यावर कोणी पुरेसं लिहीत नाही, हे माझं कायमचं दुखणं आहे.)

मावसभावाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण त्याच्यामागे खरंच काहीतरी आहे. टॉल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत होता. शाळेतल्या चार जिवलग मित्रांचा त्यांचा एक गट होता. त्यातला रॉब गिल्सन लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला गेला, आणि जी. बी. स्मिथ डिसेंबरमध्ये. त्या स्मिथने आधी टॉल्किनला पत्र लिहून ठेवलं होतं की मला जे सांगायचं होतं ते मी नसल्यावर तू सांग. पुढे टॉल्किनने म्हटलं की सॅम हा त्याला त्या युद्धात भेटलेल्या साध्या शिपायांवरून, अधिकाऱ्यांच्या दिमतीला असलेल्या ऑर्डर्लींवरून आलाय, आणि ती माणसं आपल्यापेक्षा कितीतरी मोठी होती असं त्याला वाटायचं. हे कळल्यावर सॅमचं ते पाणी वाचवणं, स्वतः तहानलेला राहून शेवटचे घोट फ्रोडोला देणं, रात्र रात्र पहारा करणं, हे सगळं वेगळं दिसायला लागतं. खंदकात माणसं एकमेकांना अशीच धरून राहत असणार. त्याला काय म्हणायचं हे विचारायला तेव्हा वेळ कुणाला होता.

आणि इथेच मला एक गोष्ट खटकते ती लिहूनच टाकते. सॅम फ्रोडोला शेवटपर्यंत 'मिस्टर' म्हणतो, मालक म्हणतो. फ्रोडो त्याला सॅमच म्हणतो. तो माळी, हा घरमालक. बरोबरी नसेल तर ती मैत्री तरी कशी आणि प्रेम तरी कसं, की निव्वळ चाकरी? पण मग मनोऱ्यातला प्रसंग येतो. शेलॉब या राक्षसी कोळिणीने डंख मारल्यावर फ्रोडो मेलाय असं समजून सॅम अंगठी घेऊन पुढे निघालेला असतो, सगळा विचार करून, मन घट्ट करून, कारण काम पुरं व्हायला हवं. आणि शत्रूच्या ऑर्क सैनिकांना फ्रोडोचा देह सापडलाय असं कळताच तो सगळा विचार क्षणात ढासळतो आणि तो उलटा पळत सुटतो. नुसतं इमान असतं तर तो पुढे गेला असता, कारण मालकाचं काम पुढे होतं, मागे फक्त मालक होता. पुढे मनोऱ्यात तो फ्रोडोला शोधून काढतो, मिठीत घेतो, आणि थोड्याच वेळात फ्रोडो अंगठीसाठी त्याच्यावर चोर म्हणून ओरडतो. सॅमच्या डोळ्यात पाणी येतं, पण तो राग धरत नाही, लगेच कपड्यांचं, वाटेचं बघायला लागतो. मी हे पान वाचताना दर वेळी थांबते. आणि नंतर मॉर्डॉरमध्ये ओझं कमी करायला तो स्वतःची भांडीकुंडी एका भेगेत टाकून देतो ना, ती पातेली खडखडत खाली जातात त्याचा आवाज त्याच्या काळजावर घाव घालतो. इतके दिवस त्याने ती कशी सांभाळली होती! कुणाला तरी पुन्हा नीट रांधून घालू ही आशा तो तिथे टाकून देतो, असं मला वाटतं.

बरं हा वाद काही आजचा नाही. गिल्गमेशची कथा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, त्यात त्याचा जिवलग सोबती एन्किडू यायच्या आधीच गिल्गमेशला स्वप्नात एक कुऱ्हाड दिसते आणि तिच्यावर त्याचा जीव जडतो, बायकोवर जडावा तसा. एन्किडू मेल्यावर तो सहा दिवस सात रात्री त्याचा देह पुरू देत नाही, नाकातून अळी पडेपर्यंत. इलियडमध्ये अकिलीस हा योद्धा आणि त्याचा सोबती पॅट्रोक्लस एकमेकांचे नेमके कोण हे होमर कुठेच सांगत नाही, फक्त पॅट्रोक्लसचा आत्मा येऊन मागतो की आपल्या दोघांच्या अस्थी एकाच कलशात ठेव. यावरून ग्रीक लोकच भांडत होते, प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये एक जण तावातावाने सांगतो की नाटककार एस्किलसने दोघांमधलं नातं उलटं दाखवलंय. चोवीसशे वर्षं होत आली!

आणि महाभारत, ते फँटसी नाही, त्याला तसं म्हणायचंही नाही मला, पण कृष्ण-अर्जुन आठवल्याशिवाय मी या विषयावर विचार करूच शकत नाही. खांडववन जळून गेल्यावर इंद्र प्रसन्न होऊन वर देतो. अर्जुन अस्त्रं मागतो, आणि कृष्ण काय मागतो तर अर्जुनावरची प्रीती कायम राहू दे. ज्याला काहीही मागता आलं असतं त्याने हे मागितलं. पुढे जयद्रथवधाच्या आदल्या रात्री तो आपल्या सारथ्याला, दारुकाला सांगतो की बायका, मित्र, नातलग यांतलं कोणीही मला अर्जुनापेक्षा प्रिय नाही, त्याच्याशिवाय या जगाकडे मी क्षणभरही बघू शकणार नाही. म्हणजे अर्जुनाला तो मित्रांच्या यादीतही घालत नाही, ती यादी बाजूला ठेवून मग अर्जुनाचं नाव घेतो. हे ऐकून आपल्याकडे कोणी विचारत नाही की मग ही मैत्री की प्रेम. नवविधा भक्तीतही दास्य आणि सख्य शेजारी शेजारी बसतात आणि त्यांच्यापुढे लगेच आत्मनिवेदन येतं. सॅमकडे बघताना मला ही चौकट जास्त जवळची वाटते, कारण तिथे प्रश्न स्वतःला किती दिलंत एवढाच असतो.

आता रोझी, सॅमची बायको. मैत्रीण म्हणते रोझी फक्त शेवटी लग्न लावायला आणलीये, आणि भाऊ म्हणतो बघ, लग्न झालं की, तेरा मुलं झाली, विषय संपला. मला दोघांचंही पटत नाही. लग्न करायची वेळ येते तेव्हा सॅम फ्रोडोलाच येऊन सांगतो की माझे दोन तुकडे झाल्यासारखं वाटतंय. मग फ्रोडो म्हणतो दोघं इथेच राहायला या. आणि पुढे स्वतः कायमचा समुद्रापार निघून जाताना फ्रोडो त्याला सांगतो की तुला कायम असं दोन तुकड्यांत राहता येणार नाही, तुला पुष्कळ वर्षं अखंड राहायचंय. लेखकाने स्वतः रोझी आणि फ्रोडोला एका तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलंय. त्याला ते वेगवेगळ्या जातीचं वाटलं असतं तर तुकडे झालेच नसते. आणि परिशिष्टातली ती कोरडी नोंद बघा, शायरच्या, म्हणजे सॅम-फ्रोडोच्या मुलखाच्या कालगणनेतल्या १४८२ सालची. रोझी जाते, आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला सॅम घोड्यावर बसून घर सोडतो, नंतर ऐकिवात येतं की तोही समुद्रापार गेला. फ्रोडो जाऊन एकसष्ट वर्षं झालेली असतात. २२ सप्टेंबर हा फ्रोडोचा वाढदिवस. तिथे तसं काही म्हटलेलं नाही, नुसती तारीख दिलीये.

तर मी प्रेम म्हणणार. कुठल्या जातीचं ते पुस्तकाने मोकळं ठेवलंय आणि मी त्यावर कडी घालणार नाही. ज्यांना स्वतःसारखं प्रेम जुन्या पुस्तकांत कधी सापडलंच नाही त्यांनी इथे ते बघितलं तर त्यांच्या हातातून 'नुसती मैत्री आहे हो' म्हणून ते काढून घ्यायचा मला काय हक्क, आणि तो 'नुसती' शब्द तर मला अजिबात सहन होत नाही, कारण असेही लोक मला माहितीयेत ज्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नातं मित्राचं किंवा मैत्रिणीचंच आहे, त्यांनी कोणाशी लग्न केलेलं नाही, आणि त्यांच्या नात्याला कोणी दुय्यम म्हटलं की त्यांच्या पोटात तुटतं.

पण या सगळ्यात आपण कायम सॅमबद्दलच बोलतो. फ्रोडोचं काय? तो निघताना सॅमला खरं सांगतच नाही. थोडं सोबत चल, पंधरवड्याच्या आत परत येशील, असं म्हणून बरोबर नेतो, आणि सॅमला वाटेत कळतं की हा कायमचा चाललाय आणि आपल्याला नेणार नाहीये. मला याचा राग येतो, खरंच येतो. इतकी वाट तुडवलेल्या माणसाला निदान घरी, बसवून सांगायचं. की सांगितलं असतं तर सॅम निघालाच असता त्याच्यासोबत, बायको आणि तान्ही पोर सोडून, आणि ते फ्रोडोला पक्कं माहिती होतं? त्यांचे मित्र मेरी आणि पिपिन धावत बंदरावर पोचतात तेही गँडाल्फ या जादूगाराने त्यांना कळवलं म्हणून, सॅमला एकट्याने परत जावं लागू नये म्हणून. हे फ्रोडोला का नाही सुचलं? मैत्रिणीला उद्या हेच विचारणारे, आणि भावालाही, कारण यावर दोघांचं एकमत होईल असं मला मुळीच वाटत नाही.