मुरलेल्या ठोकळ्यांचा धंदा : आमची वाटचाल

धाकटा भाऊ आणि मी, दोघांनी लाकूड कातायच्या एका लेथवर काम सुरू केलं. तो कातायचा, मी करवत आणि हिशेब सांभाळायचो. तेव्हा आम्ही लाकूड विकत नव्हतो. तयार ठोकळे, ज्यांना या कामातली सगळी माणसं ब्लँक म्हणतात, ते बाहेरून आणायचे आणि त्यांची पेनं, बाटलीची बुचं, झाकणाच्या छोट्या डब्या करायच्या, एवढंच काम होतं. एका ग्राहकाने एबनीची, म्हणजे काळ्या आबनूस लाकडाची, २४ पेनं मागितली. ठोकळे आले ते सगळ्या बाजूंनी मेणात बुडवलेले, काळेभोर आणि हातात घेतल्यावर चांगले जड. जड आहे म्हणजे अस्सल आहे, अशी तेव्हा आमची समजूत होती. पेनं झाली, चकाकली, ग्राहक खूश झाला. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. नऊ पेनांना उभे तडे गेले होते. केसाइतके बारीक, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आम्ही २४ च्या २४ परत घेतली आणि नवी करून दिली. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त बेचैनी या गोष्टीची होती की चूक नेमकी कुठे झाली ते आम्हाला सांगता येत नव्हतं. कातकाम स्वच्छ होतं, चिकटवणं पक्कं होतं. मग त्यातलं एक पेन उभं चिरून पाहिलं आणि प्रकार लक्षात आला. पेनाच्या आत पितळेची नळी असते. पितळ आकसत नाही. वरचं लाकूड ओलं असताना त्या नळीवर बसवलं, पुढे ते सुकत गेलं, आकसायला लागलं, आणि आत नळी अडून बसलेली. लाकडाला फाटण्यावाचून मार्गच नव्हता. त्यात भर म्हणून भावाने पॉलिश पेपर मारताना लेथ जोरात ठेवला होता. एबनीसारख्या घट्ट लाकडाला ती उष्णता अजिबात सोसत नाही.

मेणाचं काम काय, हे तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. ठोकळा टोकांकडून सगळ्यात वेगाने सुकतो आणि म्हणून टोकालाच फाटतो. मेण लावलं की ती घाई थांबते. पण सगळीकडून मेण लावलेला ठोकळा आतल्या ओलाव्यासकट बंद झालेला असतो. विकणाऱ्याने ते फसवण्यासाठी लावलेलं नसतं, प्रवासात माल टिकावा म्हणून लावलेलं असतं. घेणाऱ्याने मात्र असा ठोकळा ‘सुकलेला’ समजू नये. ओल्या लाकडाची भांडी काढायची असतील, आधी जाड कातून ठेवायची आणि सुकल्यावर पुन्हा कातायची असतील, तर हाच ठोकळा उत्तम. पेनासाठी किंवा घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या डबीसाठी नाही.

त्या प्रकरणानंतर आम्ही एक वजनकाटा घेतला. आमच्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची खरेदी कोणती असं कुणी विचारलं तर मी लेथ नाही, तो काटा दाखवीन. पद्धत अगदी साधी आहे. ठोकळा आला की त्याच्या चार बाजूंचं मेण पटाशीने खरवडायचं, टोकांचं तसंच ठेवायचं. वजन करून अंगावरच पेन्सिलीने तारीख आणि ग्रॅम लिहायचे. दर पंधरा दिवसांनी पुन्हा वजन. आकडा उतरतो आहे तोवर लाकूड सुकतं आहे. तीनचार वेळा तोच आकडा आला की ठोकळा आजूबाजूच्या हवेशी जुळला. वाडग्यासाठी आणलेला पडौक या लाल लाकडाचा एक गोल ठोकळा मला अजून आठवतो, २०० मिलिमीटर व्यासाचा आणि ७५ मिलिमीटर जाड. आला तेव्हा २०४० ग्रॅम भरला. थांबला १७६० वर, आणि तिथवर यायला त्याला चौदा महिने लागले. पावशेरापेक्षा जास्त पाणी त्या दिसायला कोरड्या ठोकळ्यातून निघून गेलं.

असे मुरलेले ठोकळे फळीवर साठायला लागले तशी ओळखीची कातकाम करणारी माणसं विचारायला लागली, तुमच्याकडचा एखादा देता का? पेनांपेक्षा ठोकळ्यांनाच मागणी वाढली. आमचा धंदा असा वळला, ठरवून नाही.

ठोकळा विकायला लागल्यावर निवडण्याची जबाबदारी आली, आणि निवड कशी करायची ते शिकायला आम्हाला बरीच वर्षं लागली. आज मी कुठलाही ठोकळा हातात घेतला की आधी टोक बघतो. बाजूंवरची नक्षी नंतर. टोकावर झाडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या कमानी दिसतात. त्या कमानींच्या दिशेने लाकूड जेवढं आकसतं, ते साधारण त्यांना आडव्या दिशेच्या दुप्पट असतं. म्हणून कमानी कोपऱ्यातून कोपऱ्यात गेल्या असतील तर चौरस ठोकळा सुकताना पतंगासारखा तिरपा होतो. कमानी एका बाजूला समांतर असतील तर आयताकडे झुकतो, ते सांभाळता येतं. आणि टोकाच्या मध्ये झाडाचा बिंदू, म्हणजे सगळ्या वर्तुळांचा मधला गर, दिसत असेल तर तो ठोकळा आम्ही घेतच नाही. तिथून चीर निघणार हे जवळजवळ ठरलेलं असतं.

बारीक चिरा मेणाखाली लपतात. त्या शोधायची एक युक्ती सांगतो. टोकावरचं मेण पटाशीने स्वच्छ काढा आणि त्यावर कापसाने स्पिरिट फिरवा. क्षणभर सगळं टोक गडद दिसतं. मग स्पिरिट उडायला लागतं, पृष्ठभाग फिका होत जातो, आणि जिथे चीर आहे तिथलं स्पिरिट आत मुरल्यामुळे मागे राहतं. फिक्या टोकावर एक काळी रेघ उमटते. किती लांब आहे, किती आत जाते, सगळं त्या दहा-पंधरा सेकंदांत दिसतं. भाऊ त्याआधी बोटांच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकतो. “दादा, हा बद्द वाजतोय,” असं तो म्हणाला की मी स्पिरिटची बाटली काढतो, आणि बहुतेक वेळा रेघ सापडतेच.

पेनाचा ठोकळा निवडताना आणखी एक हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. साधारण १९ मिलिमीटर चौरस ठोकळ्यातून १२ मिलिमीटरचं पेन निघतं, आणि मधून ७ मिलिमीटरचं भोक जातं. म्हणजे लाकडाचा जेमतेम पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. बाजूवर जी सुंदर नक्षी पाहून ठोकळा उचलला, ती भुश्यात जाते. म्हणून नक्षी टोकापर्यंत खोल गेली आहे का ते पाहायचं. झेब्रावूडसारख्या पट्ट्यांच्या लाकडात तर कापण्याचा कोन सगळं ठरवतो. रेषांना धरून कापलं तर पेनावर उभ्या रेघा येतात, तिरकं कापलं तर तेच लाकूड अंगठ्या घातल्यासारखं दिसतं. वेंगे या लाकडाच्या काळ्या-तपकिरी रेघा मोठ्या ट्रेवर फार शोभतात, पण बोटाएवढ्या वस्तूत त्या उठून दिसत नाहीत. शिवाय त्याची कुसळं बोटात गेली तर लवकर पिकतात. वेंगेला हात लावायचा तर आधी धार नीट करून घ्या.

रंगाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. ताजा कापलेला पडौक निखाऱ्यासारखा केशरी-लाल असतो. उजेडात राहिला की तो तपकिरी होत जातो, आणि कुठलंही पॉलिश ते थांबवू शकत नाही, फार तर लांबवू शकतं. पर्पलहार्टचं उलटं सुरू होतं. कापल्यावर तो मळकट तपकिरी दिसतो, काही दिवस हवा-उजेड मिळाला की जांभळा खुलतो, आणि पुढे वर्षांनी पुन्हा तपकिरीकडे जातो. आमच्या टेबलावर दोन्हींच्या पट्ट्या ठेवल्या आहेत, अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावून. ग्राहक आला की पट्टी सोलून दाखवतो. पडौकची पट्टी पाहून काहीजण घ्यायचं रद्द करतात. करू देत. आणखी दोन वर्षांनी त्यांना जे दिसणार आहे ते आज दिसलेलं बरं. मला स्वतःला जुना, तपकिरी झालेला पडौक फार आवडतो.

पडौकला मेपलसारख्या फिक्या लाकडाशेजारी बसवणाऱ्यांनी जरा थांबावं. त्याची लाल भुकटी पॉलिश पेपरने मेपलच्या छिद्रांत जाऊन बसते आणि निघत नाही. त्यावर स्पिरिटमधली लाख ब्रशने फिरवली तर आणखी वाईट, कारण पडौकचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि मेपल गुलाबी होतं. आम्ही शेवटचा हात पॉलिश पेपरने न मारता धारदार पटाशीने खरवडून घेतो, भुकटी ओढून घेतो आणि लाखेचा पहिला थर हलका फवारतो.

कोकोबोलो आणि त्याच्या गोतावळ्यातली लाकडं तेलकट असतात. गोंद धरत नाही म्हणून चिकटवायच्या आधी अॅसिटोनने पुसायचं आणि लगेच चिकटवायचं, कारण थोड्या वेळाने तेल पुन्हा वर येतं. त्यांच्यावर जवसाच्या जातीचं तेल लावलं तर ते दिवसेंदिवस चिकट राहतं. लाकडातली द्रव्यंच तेलाला सुकू देत नाहीत. मेण काढलेल्या लाखेचा एक थर आधी दिला की काम होतं. हे सगळं आम्ही शिकलो, आणि मग कोकोबोलो कापणंच बंद केलं. भावाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरळ उठली. पहिल्या वर्षी काहीच झालं नव्हतं. या भुश्याची गोष्ट अशीच आहे, शरीराला तो एकदा खटकला की पुढच्या प्रत्येक वेळी कमी भुश्यातही जास्त त्रास होतो. लाकडाच्या भुश्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात घातलं, हे ठोकळ्यासोबत प्रत्येकाला सांगितलं पाहिजे असं मला वाटतं. आम्ही सांगतो. आमच्याकडे भुसा ओढणारं यंत्र लेथच्या आधी चालू होतं.

धंद्याला सगळ्यात मोठं वळण कायद्याने दिलं. धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराचा साइट्स करार १९७५ पासून लागू आहे. ब्राझिलियन रोजवूड १९९२ मध्येच त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे व्यापार जवळपास बंद. पण २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया, म्हणजे ज्यात हे रोजवूडही मोडतं तो झाडांचा उरलेला सगळा गटच, दुसऱ्या परिशिष्टात आला, म्हणजे व्यापार परवान्यानेच. त्यात आफ्रिकन ब्लॅकवूड, किंगवूड, ट्युलिपवूड सगळी आली, कोकोबोलो तर २०१३ पासूनच होतं. २०१९ मध्ये सवलत मिळाली ती वाद्यांना आणि एका खेपेत १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना. ठोकळा ही तयार वस्तू नाही. सीमेपलीकडे पाठवायचा तर परवाना लागतो. फेब्रुवारी २०२३ पासून आफ्रिकेतला पडौकही त्याच परिशिष्टात आहे.

सुरुवातीला हे ओझं वाटलं. आज नाही वाटत. कागद मागायला लागल्यामुळेच आम्हाला कळलं की आपण बाजारी नावांवर किती विसंबून होतो. ‘रोजवूड’ हे नाव इतक्या वेगवेगळ्या झाडांना लावतात की त्यावरून काहीच ठरत नाही. कॅरिबियन रोजवूड म्हणून जे विकतात ते चेचेम नावाचं झाड, त्याचा डाल्बर्जियाशी संबंधच नाही, आणि त्याच्या चिकाने कातडी भाजते. म्हणून आमच्या प्रत्येक ठोकळ्यावर आता झाडाचं शास्त्रीय नाव असतं. ज्याचं नाव पुरवठादार सांगू शकत नाही तो माल आम्ही परत करतो, कितीही देखणा असो.

नवीन शिकणारे विचारतात, कुठल्या लाकडाने सुरुवात करू? मी ऑलिव्ह सांगतो. धार सहज घेतं, नक्षी बारीक, छोट्या वस्तूत शोभते. फक्त नीट सुकलेलं घ्या, ते सुकताना फाटायला चटकन तयार असतं. लिग्नम व्हिटे मात्र घाईने घेऊ नका. ते पाण्यात बुडतं, कठीणपणात मेपलच्या साधारण तिप्पट. स्वतःच्या तेलकटपणामुळे ते घासलं तरी झिजत नाही, म्हणून अठराव्या शतकात इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी वंगण न लागणाऱ्या घड्याळांत ते वापरलं, आणि पुढे जहाजांच्या पंख्याच्या दांड्याखाली बेअरिंग म्हणून ते बसलं. हात बसल्यावर एक छोटा तुकडा कातून बघा, कापताना येणारा गोड वास लक्षात राहतो.

सध्या आमच्या सगळ्यात वरच्या फळीवर आफ्रिकन ब्लॅकवूडचे अकरा ठोकळे आहेत, कागदांसकट आलेले. क्लॅरिनेट याच लाकडाची करतात. पावणेतीन वर्षं झाली. दहा ठोकळ्यांचे आकडे थांबले, त्यांच्या अंगावर पेन्सिलीचे चार सारखे आकडे एकाखाली एक आहेत. अकरावा परवा पुन्हा दोन ग्रॅमने उतरला. त्याची तारीख लिहून तो परत फळीवर ठेवला आहे.