पाच पाऊण पावणेचार

रविवार, माघ वद्य पंचमी. रात्रीचे 9.30.

न्हाणीघरात अजून वाळूचा थर आहे, धाकट्याच्या खिशांतून निघालेले शंख गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत पडले आहेत आणि त्यांपैकी एक शंख चालू लागल्यामुळे मघाशी बराच गोंधळ झाला. त्यात खेकडा राहत होता. परत समुद्रात नेऊन सोडण्याइतका समुद्र पनवेलला जवळ नाही, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला समजावून सांगणे फार अवघड असते. पुढच्या वेळी खिसे किनाऱ्यावरच तपासून रिकामे करायचे, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आजची अलिबागची सहल ही आमची कितवी, हे आता मोजता येणार नाही. पण मनासारख्या झालेल्या सहली मात्र सहज आठवतात आणि त्या सगळ्या सासूबाईंनी ठरवलेल्या दिवशी झालेल्या आहेत. त्यांचे माहेर किनाऱ्यावरच्या रेवदंड्याचे. दिनदर्शिकेत आपण सुट्टीचा लाल आकडा पाहतो, तर त्या त्याखालची बारीक अक्षरातली तिथी पाहतात आणि लहानपणी पाठ केलेली पाऊणकी म्हणतात: पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास पूर्ण होणार आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी असणार. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, म्हणून तो जमतो. अर्थात तो मिनिटाला मिनिट जुळत नाही. पौर्णिमेला पाऊणकीने सव्वाअकरा येतात आणि प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास होते. पण पोरे घेऊन निघणाऱ्याला एवढा अंदाज पुरतो.

हा हिशेब आम्ही गंभीरपणे घ्यायला लागलो ते दोन वर्षांपूर्वीच्या फजितीनंतर. त्या दिवशी चतुर्थी होती आणि सासूबाई गावाला गेलेल्या होत्या. आम्ही सावकाश उठून, वाटेत वडखळच्या कोंडीत अडकून, साडेदहाला कुलाबा किल्ल्याकडे, म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या आणि ओहोटीला पायी गाठता येणाऱ्या किल्ल्याकडे, चालत निघालो. जाताना पाणी घोट्याएवढे होते. किल्ल्यात मुले रमली, आम्ही डबा उघडला आणि साडेबाराला दरवाजाबाहेर येऊन पाहतो तो मघाची वाट नाहीशी झालेली होती. चार पाऊण तीन. म्हणजे ओहोटी नऊलाच होऊन गेली होती आणि आम्ही चढत्या पाण्यात आत गेलो होतो. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने चढते, हे सासूबाईंनी नंतर सांगितले, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत. आम्ही होडीने परतलो. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला तो सहलीचाच भाग वाटला, माझे मात्र किनाऱ्याला पाय लागेपर्यंत बोलणे बंद झाले होते.

आज सहाला निघालो आणि सव्वाआठला अलिबागेत होतो. किनाऱ्यावर आल्यावर सासूबाईंनी थोरलीला आकाशाकडे बोट करून दाखवले. किल्ल्याच्या वरच्या बाजूला, पश्चिमेकडे उतरलेला वद्य पंचमीचा फिकट चंद्र अजून दिसत होता. तो मावळतीला टेकला की इथे ओहोटी पूर्ण होत आली असे समजावे, असे त्या म्हणाल्या. थोरली नऊ वर्षांची आहे आणि तिला प्रत्येक गोष्टीचा पडताळा हवा असतो. चंद्र खाली जातो आहे आणि पाणीही मागे जाते आहे, हे ती चालता चालता दर दहा पावलांनी तपासत होती. मुलांना भूगोलाच्या पुस्तकात उधाणाची (मोठी) आणि भांगाची (लहान) भरती आकृती काढून शिकवतात. पण आकाशातला चंद्र आणि पायाखालची ओली वाळू एकाच वेळी दाखवण्याची सोय वर्गात नसते.

तिथी निवडण्यातही एक गोम आहे आणि ती मला अनेक चुकांनंतर कळली. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून वरवर पाहता तो दिवस सोयीचा वाटतो. पण अष्टमीचे पाणी भांगाचे असते, ते फारसे मागे हटत नाही आणि मुलांच्या गुडघ्यांच्या वर राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र दूरवर उघडा पडतो, पण ती ओहोटी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला येते. चतुर्थी-पंचमीला वेळही सकाळची मिळते आणि उधाणाचा जोरही थोडा शिल्लक असतो. म्हणून आमच्या घरी पंचमीला सणासारखा मान आहे.

वाटेत खडक लागतात आणि त्यांवर कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, धरलेली असतात. त्यांची धार पावशीसारखी असते. त्यामुळे अनवाणी चालण्याचा मोह मुलांना कितीही झाला तरी पट्ट्याच्या चपला काढू द्यायच्या नाहीत. किनाऱ्यावरून घोडागाडीही किल्ल्यापर्यंत जाते आणि धाकट्याने तिच्यासाठी हट्ट धरला होता. पण गाडीत बसले की वाळूतले खेकडे दिसत नाहीत, आणि त्याची खरी ओढ खेकड्यांकडेच असते. पाणी हटल्यावर नखाएवढे खेकडे वाळू चाळून त्यातले अन्न खातात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती मांडत जातात. एकेका बिळापासून सगळीकडे पसरलेली ती रांगोळी पाहत आम्ही जवळजवळ वीस मिनिटे एकाच जागी उभे होतो. किल्ला समोर होता आणि कोणालाही त्याची घाई नव्हती.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी 1680 साली सुरू करवले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. एवढे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी ते मुलांच्या कानांवरून जाते. त्यांच्या लक्षात राहते ते निराळेच. तटाचे प्रचंड दगड चुना न भरता नुसते एकमेकांवर रचले आहेत, कारण लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. हे सांगितल्यावर दोघांनी आळीपाळीने सगळ्या फटींत बोटे घालून पाहिली. चारही बाजूंना खारे पाणी असताना आतल्या विहिरीचे पाणी गोडे कसे, हा थोरलीचा प्रश्न. आणि तोफेच्या गाड्याला चाके आहेत तर ती कोण ओढत होते, हा धाकट्याचा. राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेल्या सिद्धिविनायकाच्या मंदिरात सासूबाई थोडा वेळ बसल्या आणि साडेदहाला त्यांनी स्वतःच उठून चला म्हटले. आम्ही कोरड्या पायांनी परतलो.

परतताना ह्यांनी मुलांना चुंबकीय वेधशाळेचे आवार बाहेरूनच दाखवले. पूर्वी हे काम मुंबईत कुलाब्याला चालत असे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली वेधशाळा अलिबागेला आली आणि तिची इमारत लोखंड टाळून बांधली गेली. एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्यासमोर, असे हे म्हणाले, आणि या विनोदावर ते एकटेच हसले.

भर दुपारी वाळूत खेळणे माघातसुद्धा नको वाटते, म्हणून जेवण करून आम्ही जवळच्याच आक्षीला सुरूच्या सावलीत चटया टाकल्या. आक्षीचा शिलालेख शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा, मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते; पण मुलांसाठी आक्षी म्हणजे लांबच लांब पुळण आणि खड्डा खणायची मुभा. पावणेचारची भरती चढू लागली तशी दोघांनी लाटांसमोर बांध घातला. तो चार वेळा वाहून गेला. चौथ्या वेळी थोरलीने चिखलमातीऐवजी दगड गोळा केले, त्यांच्या फटी मोकळ्या ठेवल्या आणि धाकट्याला ओरडून सांगितले की भरू नकोस, पाणी आत जाऊ दे. मी काही बोलले नाही. तो बांधही टिकला नाही, पण जरा उशिरा मोडला.

मुलांबरोबर एका दिवसात एकच किनारा करावा, दोन करू नयेत, या मतावर मी आता ठाम आहे. पूर्वी आम्ही अलिबाग, काशीद आणि मुरूड असा एका दिवसाचा बेत आखत असू आणि त्यात गाडीतली उलटी हीच मुख्य आठवण उरत असे. जंजिऱ्याबद्दल तर मी सरळ सांगते की मूल दहा वर्षांचे होईपर्यंत थांबावे: होडीसाठी उन्हात रांग, हेलकावणाऱ्या होडीतून ओल्या पायरीवर पाय टाकणे आणि आत गेल्यावर परतीची घाई. याउलट हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला लाँचने जाणे ही संपूर्ण सहल समजावी. कुरव पक्षी लाँचच्या मागे झेपावत येतात, लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते आणि मुलांना समुद्र पाहायला नव्हे, समुद्रातून जायला मिळते. 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटही सुरू झाली आहे. तिच्यात गाडी चढताना पाहणे धाकट्याला कोणत्याही किल्ल्याहून थोर वाटते.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा घेतल्या. भाताच्या काढणीनंतर लावलेला हा कांदा आता कुठे रस्त्याकडेला दिसू लागला आहे. त्यांनी भाव केला, विकणाऱ्या मावशींनी नाही म्हटले, मग दोघींचे बोलणे रेवदंड्याच्या कुठल्या तरी आळीपर्यंत गेले आणि भाव तोच राहून एक जुडी वाढली.

मघाशी थोरली दिनदर्शिका घेऊन माझ्या टेबलाशी आली. फाल्गुन शुद्ध पंचमी सोमवारी येते आहे आणि त्या दिवशी शाळा आहे, हे तिने आधीच पाहिले होते. रविवारी चतुर्थी. चार पाऊण तीन, म्हणजे ओहोटी नऊला, म्हणजे घरातून पाचला निघायला हवे, असे तिने बोटांवर मोजून सांगितले आणि तिथीशेजारी पेन्सिलीने एक खेकडा काढला. पाचला निघायचे तर डबा रात्रीच करून ठेवावा लागेल. खेकड्याला तूर्तास मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात ठेवले आहे. उद्या हे कामासाठी उरणला जाणार आहेत, तेव्हा तो त्यांच्याबरोबर जाईल.