अर्धा ठिपका

बेळगावात, उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात दुपारी करंट गेला की लेथ थांबतात आणि कुणीतरी झाडू हातात घेतं. परवा आमचा नवा पोरगा बाकडं साफ करत होता. दाते गेलेली, शेंडा मोडलेली एक तिकोनी कानस तो भंगाराच्या डब्यात टाकायला निघाला.

"अरे, ठेव की ती!"

"हिचं काय करणार मालक?"

काय म्हणजे? रेखणी, लोखंडावर रेघ ओढायची टोकदार सळई! ग्राइंडरवर दाते घासून टाकायचे, टोक काढायचं आणि घडीघडी पाण्यात बुडवायचं. कानस मुळातच कडक असते, तो कडकपणा सांभाळणं एवढंच आपलं काम. टोक निळं पडलं की संपलं. मग ती लोखंडावर नुसती घसरते. बाजारात रेखणी स्वस्तात मिळते, मला ठाऊक आहे. पण विकतची बोथटली की लोक नवी आणतात, घरचीला धार लावतात. असं आपलं माझं मत. हिशेब मांडायला बसलात तर मी उठून जाईन.

पंचचं, म्हणजे ठोकून ठिपका उठवायच्या टोच्याचं प्रकरण वेगळं. त्याला हातोडी खायची असते, नुसता कडक ठेवला तर टवका उडतो. जुनी गोल कानस लाल करून राखेत निवू द्यायची, म्हणजे मऊ पडते. घासून आकार द्यायचा, परत लाल करून पाणी द्यायचं. मग टोक चकचकीत करून मागच्या अंगाने हळूहळू शेकायचं. रंग पुढे सरकत येतात: पिवळा, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. तपकिरी टोकाला पोचला रे पोचला की पाण्यात! त्या वेळी कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही. घरच्यांचा फोनसुद्धा वाजत राहतो.

बाबा फिटर होते. अनगोळच्या घरी, मागच्या पडवीत बसून त्यांनी एकदा गोलाचा मध्य काढायची पट्टी केली. जाड पत्र्यात रेखणी जेमतेम जाईल अशी सरळ फट आणि फटीच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर एकेक खिळा. दोन्ही खिळे गोलाच्या कडेला टेकवायचे, फटीतून रेघ मारायची; गोल थोडा फिरवून दुसरी. काट बसली तिथे मध्य. व्यास किती, विचारायचंच नाही! मी घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं संपवली आणि आईच्या पोळपाटाकडे वळलो.

"पोळ्या लाटू की नकाशे काढू रे ह्याच्यावर?" आई कडाडली.

बाबांनी पोळपाट हातात घेऊन फिरवला, फुलीवर अंगठा ठेवला. "बरोबर आलंय की," एवढंच म्हणाले.

गुण्यावर, म्हणजे काटकोन बघायच्या हत्यारावर मात्र त्यांचा विश्वास नसे, घरचा असो की विकतचा. पट्टीला टेकवून एक रेघ, मग तोच उलटा करून त्याच जागी दुसरी. एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढं अंतर, त्याच्या निम्मी खोट. १८८८ साली किर्लोस्करांनी ह्याच गावात सायकलींचं दुकान काढलं, १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला जाण्याआधी लोखंडी नांगरही इथेच केले. त्या नांगरांचं मार्किंग कशाने करत असतील, हे किर्लोस्कर रोडवरून स्कूटर काढताना डोक्यात येतंच.

रेघ उठून दिसावी म्हणून आम्ही मोरचुदाचं पाणी फासतो. घासलेल्या लोखंडावर तांब्याचा लालसर थर चढतो. ओतकामाला खडूच बरा. पण हात लागून रेघ पुसते, म्हणून तिच्यावर पंचने बारीक ठिपके मारायचे. मग कानस चालवत रेघेपर्यंत यायचं. काम नेटकं झालं तर कडेवर प्रत्येक ठिपका अर्धा उरतो. अख्खा दिसला तर माल जास्त राहिला, दिसलाच नाही तर जास्त खाल्ला.

सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला रेघ लागत नाही आणि ठिपकाही नाही. तक्रार नाही, घर तिच्यावरच चालतं. माल परत आला की आता सगळे रिपोर्ट उघडतात, प्रोग्राम बघतात. ठिपक्यांच्या काळात सरळ फिटरच्या तोंडाकडे बघायचे. ते बरं होतं असं मी म्हणणार नाही. चार लोकांसमोर बाबांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते मी डबा द्यायला गेलो होतो तेव्हा ऐकलंय.