राजगड–तोरणा–रायगड : पहिला टप्पा पूर्ण, दुसऱ्याची तयारी

सद्यस्थिती : गुंजवणे–राजगड–तोरणा–वेल्हे हा टप्पा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहा जणांनी एका दिवसात पूर्ण केला. तोरणा ते रायगड बाकी आहे, तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

ही सलग रेंज (एका गडावरून दुसऱ्या गडावर डोंगरातून चालत जायचा ट्रेक) दोन तुकड्यांत करण्याचं कारण गवत आणि पाणी. ऑक्टोबरात गडांवरची टाकी भरलेली असतात, पण धारेवरचं गवत कमरेइतकं असतं आणि वाट त्याच्याखाली गडप होते. डिसेंबरनंतर वाट मळते, पण तोवर ओढे आटलेले असतात. राजगड–तोरणा या धारेवर रहदारी बरी असते, त्यामुळे ती गवतातही सापडते. तोरण्याच्या पश्चिमेला तसं नाही. शिवाय खाली कोकणात उतरल्यावर भात उभं असेल तर बांधावरून चालता येत नाही, शेताला वळसा घालावा लागतो. कापणी उरकली की तीच वाट सरळ होते.

वेळेचं गणित

गाडी आदल्या संध्याकाळी वेल्ह्यात लावून जीपने गुंजवण्याला यावं. उलट केलं तर दिवसभर चालून झाल्यावर अंधारात मार्गासनीला वळसा घालून गाडीपर्यंत पोहोचायचं काम उरतं. मुक्काम आणि जेवण गावात. गडावर चूल पेटवायची नाही. ते संरक्षित स्मारक आहे, आणि २०२५ पासून राजगड व रायगड दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत.

गुंजवण्यातून पहाटे ५ ला निघालं तर चोर दरवाज्याने सव्वासातपर्यंत पद्मावती माची. नाश्ता, पाणी भरणं, मग संजीवनी माचीच्या पोटातून आळू दरवाजा पावणेनऊला. तिथून धार उतरून भुतोंड्याच्या डांबरी रस्त्याच्या खिंडीत ११. अर्धा तास विश्रांती. खिंड ते तोरण्याच्या बुधला माचीखालची शिडी तीन तास, म्हणजे अडीच वाजता. बुधल्यावरून कोकण दरवाज्याने तोरण्यावरचं मेंगाई मंदिर साडेतीन. ४ ला बिनी दरवाज्याकडे निघालं की ६ पर्यंत वेल्हे. या दिवसांत सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो, त्यामुळे या वेळापत्रकात गाळण्यासारखं काहीच नाही. बालेकिल्ला आणि सुवेळा माची या दिवशी होत नाहीत, त्यासाठी वेगळी फेरी ठेवावी.

खिंड हीच अख्ख्या धारेवरची सुटकेची जागा. १२ च्या आत खिंड सोडता आली नाही, किंवा कुणाचा गुडघा बोलायला लागला, तर सगळ्यांनी रस्त्याने खाली उतरायचं. हे आदल्या रात्रीच ठरवून टाकावं. ऐन वेळी चर्चा झाली की उत्साही माणूस जिंकतो आणि थकलेला गप्प बसतो. तीच जोडी मग शिडीखाली अंधारात अडकते.

पाणी

गुंजवण्यातून माणशी फक्त १ लिटर घेतलं. पद्मावतीच्या टाक्यातून प्रत्येकाने ४ लिटर भरून घेतलं. चोर दरवाज्याच्या चढावर पाठीवरचे ३ किलो वाचतात आणि चढ हलका वाटतो. आळू दरवाजा ते मेंगाई हे सहा-सात तास, तासाला अर्धा लिटर धरलं तर साडेतीन लिटर लागतातच. खिंडीनंतर सावली जवळजवळ नाही आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर असतं. वाटेतल्या धनगरवाड्यावर पाणी मिळेल या भरवशावर निघू नये. घर बंद असू शकतं, आणि त्यांचं पाणीही कुणीतरी डोक्यावरून वाहून आणलेलं असतं.

टाक्यातलं पाणी सुती फडक्यातून गाळून, मेडिक्लोरचे (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) बाटलीवर लिहिलेले थेंब टाकून अर्धा तास ठेवायचं. नाश्त्याआधी थेंब टाकले की नाश्ता संपेपर्यंत पाणी तयार. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरलाच वापरावं. अर्ध्या लिटरमध्ये कालवलं तर द्रावण दाट होतं आणि तहान भागण्याऐवजी पोट ढवळतं.

वाट कुठे चुकते

आळू दरवाज्यातून बाहेर पडल्यावरचा उतार कातळावर पसरलेल्या मुरमाचा आहे. पायाखाली गोट्या ठेवल्यासारखं होतं. इथे अंग मागे टाकलं की घसरणं ठरलेलं. गुडघे किंचित वाकवून, पाऊल तिरकं, पूर्ण तळवा टेकवत उतरावं. दोघांत पाच-सहा मीटर अंतर हवं, नाहीतर मागच्याचा दगड पुढच्याच्या घोट्यावर येतो.

खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे खरी फसवणूक ढोरवाटांची. गुरं कुरणाकडे आडवी जातात, त्यामुळे त्यांची वाट जास्त मळलेली आणि जास्त सोपी दिसते. मुख्य वाट धारेला धरून चढते-उतरते. खूण एकच : वाट सपाट होत गेली आणि धार डोक्यावर जायला लागली की चुकलात. तिथूनच मागे फिरावं. कारवीतून सरळ वर घुसायचा मोह टाळा, वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागतो. मोबाइलवर ट्रॅक आधी उतरवून घ्यावा आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते, जीपीएसला रेंज लागत नाही.

कुसळं हा या महिन्याचा सर्वांत मोठा त्रास. सुती ट्रॅकपँट आणि लोकरी मोजे त्यांना धरून ठेवतात, टोकं आत सरकत जातात आणि दुपारपर्यंत घोटे सोलवटतात. गुळगुळीत नायलॉनची पँट आणि वरून गेटर (बुटापासून पोटरीपर्यंतचं आवरण) घातलेल्या दोघांना काहीच झालं नाही. बाकीच्यांनी मोजे उलटे करून कुसळं काढण्यात पाऊण तास घालवला. पुढच्या टप्प्याला सहाही जणांना गेटर. गवतात काठी आपटत चालावं, फुरसं हा विषारी साप पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. सोनकीची पिवळी फुलं अजून टिकून आहेत. पिवळ्या पठारावरून दिसणारा बुधला बघण्यासाठी दोन मिनिटं वेळापत्रकातून जरूर काढा.

बुधल्याच्या शिडीवर एका वेळी एकच माणूस. नवख्यांसाठी ३० मीटर दोर, दोन टेप स्लिंग (पट्टीचे फास) आणि स्क्रूवाले कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या) नेले होते. आधीपासून बांधलेला दोर दिसला तर त्याच्यावर भार टाकू नका. उन्हाने नायलॉन कमजोर होतं आणि नुसतं बघून ते कळेलच असं नाही.

मोहोळं : कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-मान झाकून तिथून लांब जावं.

पुढचा टप्पा

तीन दिवस धरले आहेत. पहिल्या दिवशी वेल्हे–तोरणा–बुधला माची, तिथून पश्चिमेला गेळगाणीकडे उतरून हारपुड मुक्काम. दुसऱ्या दिवशी मोहरी, मग सिंगापूर नाळेने (कड्यातून कोकणात उतरणारी घळ) दापोली (महाड तालुक्यातली). तिसऱ्या दिवशी काळ नदीचं खोरं ओलांडून रायगडवाडी आणि चित्ता दरवाज्याने रायगड. बोराट्याची नाळ मुद्दाम टाळली आहे. तिच्यातले धोंडे सुटे आहेत आणि नाळ संपल्यावर लिंगाणा सुळक्याच्या खिंडीकडे जाणारी आडवी वाट दरीच्या काठाने जाते. जड सॅक आणि सहा जणांचा गट घेऊन ती करण्यात अर्थ नाही. लिंगाणा सिंगापूर-मोहरीच्या कड्यावरूनही मनसोक्त दिसतो.

दोन रात्रींची खिचडी : माणशी १०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मूगडाळ, म्हणजे एकूण १.२ किलो आणि ६०० ग्रॅम. डाळ तासभर भिजवली तर गॅस वाचतो. चहा धरून २३० ग्रॅमचा एक डबा जेमतेम पुरेल, म्हणून दोन घेतोय. सॅकचं वजन पाण्यासकट १० किलोच्या आत बसवायचं आहे, सध्या दोघांचं ११ च्या वर जातंय. जाड जॅकेट आणि दुसरी बुटांची जोडी काढली की बसेल. मोहरीहून नाळेच्या तोंडापर्यंत गावातला वाटाड्या घ्यायचा हे नक्की झालंय. तोंड गवतात असेल तर वरून ओळखू येत नाही, आणि शेजारची चुकीची घळ थेट कड्यावर जाऊन संपते.