वाईट हवा नसतेच म्हणे

पलंगावर आत्ता हे सगळं पसरलंय: दोन कानटोप्या, तीन विंडचीटर, हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन, एक छत्री (वाऱ्यात हमखास उलटी होते, तरी घेतेय), लेकीची रबरी विजार, तिचाच उन्हाळी फ्रॉक आणि लोकरीच्या मोज्यांची एक जाडजूड जोडी. मुक्काम फक्त एक रात्र. उद्या गुड फ्रायडे, सकाळच्या गाडीनं जर्मनीतल्या श्टुटगार्टहून बोडनझे नावाच्या तळ्यावर निघतोय. आईला व्हिडिओ कॉलवर पलंग दाखवला, तर म्हणाली, "तळ्यावर चाललीयस की केदारनाथला?"

तिचं तरी काय चुकलं? साताऱ्याहून महाबळेश्वरला, वेण्णा लेकवर जायचं तर आमच्या घरी कपड्यांची चर्चा कधी झालीच नाही. चर्चा व्हायची ती डब्याची. दशम्या किती, चटणी लसणाची की शेंगदाण्याची, दही नीट लागलंय का, आणि एसटीत शेजारी जो कोण बसेल त्याच्यासाठी दोन जास्तीच्या. स्वेटर? घ्या गं एखादा, गारठलं तर आलटून पालटून घालू.

आता बोडनझेला तळं म्हणायचं तर म्हणा. ५३६ चौरस किलोमीटर पाणी, लांबी ६३ किलोमीटर, काठावर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश. मोठ्या भागात या तिघांची हद्द नक्की कुठून जाते यावर आजतागायत एकमत नाही, आणि तरी सगळं सुरळीत चाललंय. (आमच्या दोन चुलत्यांचा बांधावरून झालेला दावा आठवून मला याचं फार कौतुक वाटतं.)

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्यांदा गेलो, ते फोनवरचं सूर्याचं पिवळंधमक चित्र बघून. १९ अंश! साताऱ्यात १९ अंशाला शाली निघतात. इथे आख्खा हिवाळा राखाडी आभाळाखाली काढलेली माणसं १९ अंशाला आइस्क्रीमच्या रांगेत उभी असतात. आम्हीही त्यांच्यातलेच झालो. जीन्स, टी-शर्ट, प्रत्येकी एक सुती हुडी, आणि खाऊची पिशवी मात्र गच्च. वळण ते वळण.

उल्म, राव्हेन्सबुर्ग, फ्रीडरिक्सहाफेन करत लिंडाऊला पोचलो. लिंडाऊचं जुनं गाव बेटावर आहे, स्टेशनही बेटावरच, आणि बाहेर पडलं की दोन मिनिटांत बंदर. बंदराच्या तोंडाशी एका अंगाला दीपस्तंभ आणि दुसऱ्या अंगाला सहा मीटर उंचीचा दगडी सिंह, दोघंही १८५६ पासून समोरासमोर. त्यांच्यामधून पलीकडचे आल्प्स दिसतात. त्या दिवशी तर इतके जवळ वाटत होते की हात लांबवून बर्फ खरवडावा. मी नवऱ्याला म्हटलं, "काय स्वच्छ हवा आहे बघ!"

ती हवा स्वच्छ नव्हती, ती सूचना होती, हे आता कळतं. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून खाली उतरणारा एक कोरडा, उबदार वारा असतो, त्याला इथे फ्योन म्हणतात. तो वाहत असला की पारा चढतो आणि डोंगर अंगावर आल्यासारखे दिसतात. तो पडला की पश्चिमेकडची थंड हवा मोकळ्या पाण्यावरून धावत येते, आणि एप्रिलमध्ये ते पाणीही जेमतेम आठ-दहा अंशांचं. काठावरच्या लोकांना हे पाठ असतं. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की आपल्याकडे आजी गच्चीवरचं वाळवण उचलते ना, तसंच.

मग एक नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं, बोटीचं काहीतरी असेल. तळ्याभोवती असे दिवे लावलेले आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकला तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा लुकलुकला तर वादळ, मुकाट्यानं किनारा गाठा. आमच्या बाकावर एक आजी-आजोबा बसले होते. दोघांची जाकिटं एकाच रंगाची, एकाच बनावटीची. इथे सत्तरीनंतर ती बहुतेक सक्तीची असावीत. त्यांनी दिव्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि चकार शब्द न काढता चेन गळ्यापर्यंत ओढली. आजोबांनी उरलेला कोन दोन घासांत संपवला. आम्ही सिंहाबरोबर सेल्फी काढत होतो.

वीस मिनिटांत सगळा खेळ झाला. आधी वारा, मग पाऊस, मग आभाळातून साबुदाणा. खरंच साबुदाणा! पांढरे, गोल, मऊसर दाणे, बाकावर पडून टणटण उड्या मारतायत. गारा नाहीत आणि हिमही नाही, याला वेगळा शब्द आहे, ग्राउपेल. लेक आधी हरखली, ओंजळ धरून उभी राहिली. मग तिची जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली, बुटांत पाणी गेलं, आणि ओठ जांभळे दिसायला लागले तसा माझा जीव खालीवर झाला.

आता माझी बाजू. तिच्याकडे रबरी विजार होती! इथे किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळाला की जी यादी हातात पडते, तिच्यात ही विजार आणि गमबूट सगळ्यात वर. माट्शहोझं म्हणतात, म्हणजे चिखलाची विजार. छातीपर्यंत येणारी, वर पट्टे, पोटरीवर मुलाचं नाव. ती घालून ही पोरं पावसात डबक्यात बसतात, नुसती उभी राहत नाहीत, फतकल मारून बसतात, आणि बाई शेजारी उभ्या राहून कौतुकानं बघतात. तर विजार होती. फक्त ती त्या क्षणी श्टुटगार्टमध्ये, तिच्या खुंटीवर, शुक्रवारपासून लटकलेली होती.

एका दुकानाच्या कमानीखाली आम्ही दाटीवाटीनं उभे होतो, तिथे त्या बाकावरच्या आजी आल्या. लेकीकडे बघितलं, मला काही न विचारता सॅक खाली ठेवली, तळापर्यंत हात घातला आणि लोकरीचे मोजे काढले. हातानं विणलेले, राखाडी, वर लाल पट्टी. माझ्याकडून ओली जीन्स उतरवून घेतली, खाली वाकून स्वतः ते मोजे लेकीच्या पायांत चढवले. मोठ्या माणसाचे मोजे ते, पार मांडीपर्यंत आले. वरून माझी हुडी. पाच मिनिटांत पोरगी बोलायला लागली. परत कसे करू, पत्ता द्या, म्हटलं, तर हात झटकून म्हणाल्या, मी रोज विणते, घरात ठेवायला जागा नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, बाई हसून म्हणाल्या, "एस गिब्ट काइन श्लेष्टेस व्हेटर, नुअर फाल्शं क्लाइडुंग."

वाईट हवा नसतेच, असतात ते चुकीचे कपडे.

हे वाक्य! जर्मनीत आल्यापासून मी हे वाक्य किंडरगार्टनच्या बाईंकडून ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, जिन्यात ऐकलंय, ट्रामच्या थांब्यावर अनोळखी माणसाकडून ऐकलंय. आपण "काय पाऊस आहे हो" म्हणावं, पुढच्यानं "हो ना, वैताग नुसता" म्हणावं, एवढीच तर अपेक्षा असते. हे लोक त्याऐवजी परीक्षेचा निकाल हातात देतात. आपल्याकडे माणसाला पाऊस गाठतो, थंडी बाधते, ऊन लागतं. जे काय करायचं ते पाऊस-ऊन करतात, आपण बिचारे सापडतो. इथे हवा निर्दोष सुटते आणि आरोपी म्हणून तुमची हुडी उभी केली जाते.

शिवाय हे वाक्य कोण म्हणतं? ज्यांच्या इमारतीखाली तळघर आहे आणि तळघरात चार ऋतूंचे चार खोके आहेत ते. चाळीस वर्षांत एकेक करून जमलेलं असतं ते. आम्ही आलो माणशी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन, आणि त्यात गोडा मसाला, पोहे, कुरडया आणि कुकर होता. त्यात कुठे बसवायचं बारा हजार मिलिमीटरचं जाकीट? हो, इथे जाकिटाच्या लेबलावर असं लिहिलेलं असतं. कापडावर पाण्याचा किती उंचीचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही, त्याचं माप. म्हणजे या कापडावर बारा मीटर पाणी उभं राहील. कुणी सांगितलंय उभं करायला?

आणि पावसाबद्दल मला शिकवताय? श्टुटगार्टला वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आमच्या महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर! आमच्याकडे भातलावणीला बाया इरलं घेऊन दिवसभर वाकलेल्या असतात, आणि धनगर घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे चार महिने काढतो. घोंगडी काय आहे? लोकरच ना? भिजली तरी ऊब सोडत नाही. त्याच्यावर लेबल नव्हतं, एवढंच.

हे सगळं मी त्या आजींना अर्थातच म्हणाले नाही. म्हणाले, "डांके शोन," आणि खाऊच्या पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पुढे केला. त्यांनी आत काय काय आहे ते नीट विचारून घेतलं, मग दोन उचलले, एक आजोबांना.

रात्री पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, हीटरवर जीन्स वाळत घालताना मात्र जरा गप्प झाले होते. साताऱ्यात शाळेतून भिजत यायचो, कपडे अंगावरच वाळायचे, काही झालं नाही कधी, हे खरं. पण तिथे पाऊस थांबला की पंचवीस अंश असतात. सात अंशांत, वाऱ्यात, ओलं सुती कापड अंगाची ऊब काढून घेतं, आणि धनगराला हे माहीत होतं. मलाच नव्हतं. घोंगडीचा अभिमान बाळगणाऱ्या मी आयुष्यात एकदाही घोंगडी पांघरून पावसात गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी परत येताना फ्रीडरिक्सहाफेनच्या अलीकडे सफरचंदाच्या बागा लागल्या आणि डब्यातले सगळे खिडकीशी गेले. झाडं फुलावर आलेली, आणि फुलासकट काचेत घातल्यासारखी. रात्री गोठवणारी थंडी पडणार असं कळलं की बागायतदार झाडांवर पाण्याचे फवारे सुरू करतात. पाणी गोठताना थोडी उष्णता सोडतं, तेवढ्यावर आतली कळी शून्याच्या आसपास तग धरते. फवारा मध्येच थांबला तर मात्र संपलं. सूर्य वर येत होता, बर्फ ठिबकत होता, आत गुलाबी फूल तसंच्या तसं. नवरा म्हणाला, "झाडांनीसुद्धा बरोबर कपडे घातलेत." मी त्याच्याशी उल्म येईपर्यंत बोलले नाही.

तर या वर्षी कांदा होऊन जायचं. हा माझा शब्द नाही, इथला आहे: एकावर एक पातळ थर घालायचे, ऊन पडलं की सोलत जायचं, गारठलं की परत चढवायचे. आत अंगाला चिकटणारं, घाम शोषणारं, पण सुती नको. मधे लोकर किंवा फ्लीस. वर वारा अडवणारं. एवढं सोपं आहे, पण त्यातही यांची एक खास वस्तू आहे, युबरगांग्सयाकं. म्हणजे हिवाळा गेलाय पण उन्हाळा आलेला नाही, त्या मधल्या दिवसांचं जाकीट. ऋतूंच्या सांध्यासाठी स्वतंत्र जाकीट! यावर मी ऑफिसात दोन वर्षं विनोद केले. फेब्रुवारीत जुन्या बाजारात पंधरा युरोला एक शेवाळी रंगाचं मिळालं, म्हणून घेतलं. स्वस्त होतं. खिसेही बरे आहेत.

लेकीची विजार बुधवारीच किंडरगार्टनमधून घरी आणली, धुतली, दारालाच अडकवून ठेवलीय. लाल पट्टीचे मोजे ती पलंगावरून तीनदा उचलून आपल्या छोट्या सॅकमध्ये घालून आलीय, मी तीनदा काढले, कारण एका टाचेशी ओल आहे. फोनवर उद्याच्या रकान्यात सूर्य, ढग, थेंब आणि हिमकण असे चारही शेजारी शेजारी काढलेत. काहीतरी खरं ठरेलच.

हे लिहीत असतानाच आईचा परत फोन.

"झाली का गं बॅग भरून?"

"झाली. सगळं घेतलं. थर्मल, फ्लीस, रेनकोट, कानटोप्या..."

"ते कळलं मगाशीच. डब्यात काय नेतेयस?"

उद्या गुड फ्रायडे, दुकानं बंद. रात्रीचे पावणेदहा झालेत. कणीक भिजवून ठेवलीय, दाणे भाजायला घेतलेत, आणि लेक आतून विचारतेय, मोजे वाळले का.