दर हंगामाला नवा गाव: बड फाउलर

न्यूयॉर्क म्हटलं की तुम्हा मंडळींना मॅनहॅटनच आठवतं. आम्ही राहतो ते त्याच राज्याच्या आतल्या, शेतीवाडीच्या भागात. इथे पाहुण्यांना हटकून न्यायचं ठिकाण म्हणजे कूपर्सटाउन. तळ्याकाठचं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, पण 'हॉल ऑफ फेम' (थोर खेळाडूंचं सन्मान-संग्रहालय) इथे असल्यामुळे बेसबॉलवाल्यांची पंढरीच. सगळे बेसबॉलचा सर्वांत गाजलेला खेळाडू बेब रूथपाशी फोटो काढतात, मी मात्र त्यांना बड फाउलरकडे ओढून नेते.

खरं नाव जॉन जॅक्सन, जन्म 1858 चा. कृष्णवर्णीय न्हाव्याचा हा मुलगा याच गावात वाढला. 1878 च्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या चेल्सी गावाच्या संघाकडून पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून उतरून त्याने नॅशनल लीगच्या विजेत्या बोस्टनला 2-1 असं हरवलं. त्याच वर्षी त्याच राज्यातल्या लिन गावाच्या संघाने त्याला घेतलं. पैसे घेऊन खेळणारा, आपल्याला ठाऊक असलेला हा पहिला कृष्णवर्णीय.

पुढची कारकीर्द म्हणजे रेल्वेचं वेळापत्रकच: स्टिलवॉटर, किओकक, टोपेका, बिंगहॅम्टन... कुठे लीगच बुडायची, कुठे गोरे सहकारी कुरकुरायचे. मग वडिलांकडून शिकलेला वस्तरा पोट भरायचा. सेकंड बेसवर (धावणाऱ्याने गाठायच्या दुसऱ्या टप्प्यावर) उभा असताना धावत येणारे गोरे खेळाडू बुटांचे खिळे मुद्दाम याच्या नडगीवर रोखायचे. म्हणून तो लाकडी पट्ट्या बांधून खेळायचा, असं सांगतात. 1887 मध्ये बिंगहॅम्टनला फलंदाजीची .350 सरासरी (म्हणजे शंभर संधींत 35 यशस्वी फटके) असूनही सहकाऱ्यांनी त्याच्यासोबत खेळायला नकार दिला आणि त्याला जावं लागलं. जुलैत तो संघ ज्या लीगमध्ये होता तिने ठरवूनच टाकलं, यापुढे कृष्णवर्णीयांशी करार नाही.

गडी मात्र खमका. मिशिगनमधल्या एका तारकुंपण कंपनीला पटवून 1895 मध्ये त्याने 'पेज फेन्स जायंट्स' हा कृष्णवर्णीयांचा संघ मैदानात आणला. खेळाडूंना स्वतःचा रेल्वेडबा, आणि सामन्याआधी गावातून सायकलींची मिरवणूक! जाहिरातीची ही अक्कल आजच्या लीगवाल्यांनाही सुचली असती तर बरं झालं असतं.

1913 मध्ये जवळच्याच फ्रँकफर्टमध्ये तो कफल्लक अवस्थेत गेला. थडग्यावर दगड बसला 1987 मध्ये, हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं 2022 मध्ये.

मागच्या खेपेला मामांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते असू दे, पण ॲव्हरेज किती?" छोट्या लीगमधल्या दहा हंगामांचे जे आकडे मिळतात, त्यांत .308. बेसबॉलमध्ये .300 च्या वर म्हणजे एक नंबर, मामा!