आरव्हीच्या छपरावरचा नवा हीट पंप: दोष कुठे होता

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये राहणाऱ्याला आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीत, गारवा आणि ऊब दोन्ही लागतात, कारण मे महिन्यात इथून निघताना पारा 38 अंश सेल्सियसवर असतो आणि जेमतेम अडीच तासांवरच्या, सुमारे 2,100 मीटर उंचीच्या फ्लॅगस्टाफला त्याच रात्री थंडी वाजते. म्हणूनच छपरावरचा, केवळ गार हवा देणारा जुना एसी बंद पडला तेव्हा आम्ही त्याच्या जागी 13,500 बीटीयू (गारव्याची क्षमता मोजण्याचे एकक) क्षमतेचा हीट पंप, म्हणजे गार आणि गरम दोन्ही हवा देणारे यंत्र, बसवून घेतला. बहुतेक आरव्हींच्या छपराला यासाठी 14 इंची चौरस झरोका असतो, त्यामुळे नवे यंत्र जागेवर सहज बसले. पहिल्याच मुक्कामात मात्र दोन तक्रारी उभ्या राहिल्या: दुपारी चाळीसेक मिनिटे उत्तम गारवा मिळे आणि मग हवेचा झोत मंदावत जाई, रात्री थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारा नियंत्रक) उष्णतेवर ठेवला तरी गारच हवा येई.

पुण्याहून भावाने फोनवर सांगितले, "दादा, गॅस कमी झाला असणार, भरून घे." घरच्या स्प्लिट एसीबाबत ही शंका रास्त असते, कारण तिथे तांब्याच्या नळ्या जागेवर येऊन जोडलेल्या असतात. छपरावरच्या या यंत्रात गॅसचे संपूर्ण चक्र कारखान्यातच कायमचे बंद केलेले असते आणि सहसा गॅस भरण्याची सोयही ठेवलेली नसते. म्हणून मी आधी तारा आणि हवेचा मार्ग तपासायचे ठरवले. मुक्कामाच्या जागेवरची वीज कॉम्प्रेसर चालू असतानाही 117 व्होल्ट, म्हणजे इथल्या मानाने योग्य होती. वीज कमी पडत असेल ही शंका तिथेच मिटली.

रात्रीच्या तक्रारीचे कारण लवकर सापडले. हीट पंपात गॅसच्या प्रवाहाची दिशा उलटवणारा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह असतो. आमच्या यंत्रात थर्मोस्टॅटकडून 12 व्होल्ट मिळाले तरच तो दिशा बदलतो, नाहीतर यंत्र गारव्याच्या स्थितीतच राहते. मल्टिमीटर (वीज मोजणारे उपकरण) लावला तर उष्णतेची मागणी असतानाही त्या तारेवर शून्य! जुन्या एसीला या तारेची गरजच नव्हती. नवा थर्मोस्टॅट लावताना ती छपरावर जोडली गेली, भिंतीमागे मात्र तशीच दुमडून राहिली होती.

दुपारची तक्रार अधिक शिकवणारी ठरली, आणि ज्यांनी नुकतेच यंत्र बदलले आहे त्यांनी ही तपासणी अवश्य करावी, असे मला कळकळीने वाटते. छताच्या जाळीपाशी, जिथून खोलीतली हवा आत ओढली जाते, तिथे तापमापकावर 29 अंश दिसत होते. तोच तापमापक जाळीच्या आत, हवा गार करणाऱ्या कॉइलच्या तोंडाशी धरला तर केवळ 20. याचा अर्थ, थंड झालेली हवा खोलीत येण्याआधीच मधल्या फटीतून परत कॉइलकडे ओढली जात होती, कॉइल अधिकाधिक गार होऊन तिच्यावर बर्फ साचत होता आणि तो बर्फच हवेची वाट अडवत होता. विजेची जोडणी काढून आणि इन्व्हर्टर बंद करून (कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते, तिथे हात घालू नये) आतले आवरण उतरवले, तेव्हा येणाऱ्या आणि जाणाऱ्या हवेमधला फोमचा पडदा नव्या यंत्राच्या तळापर्यंत पोहोचतच नव्हता, जवळजवळ दोन सेंटिमीटर फट होती. फोमची पट्टी कापून बसवली आणि सगळ्या कडा ॲल्युमिनियमच्या टेपने बंद केल्या. आता जाळीपाशी 29, कॉइलपाशी 28 आणि बाहेर येणारी हवा 17 अंश असते, आणि झोत तासन्‌तास टिकतो.

बाहेरचे तापमान 4 अंशांच्या आसपास उतरले की हा हीट पंप पुरत नाही, तेव्हा प्रोपेनची भट्टीच लावावी लागते. ती त्याची मर्यादा आहे, बिघाड नव्हे. पुढच्या फेरीआधी यंत्राचे चारही बोल्ट मात्र पुन्हा तपासायचे आहेत, कारण प्रवासाच्या हादऱ्यांनी खालची गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) आणखी दबते आणि पाऊस तिथूनच आत येतो.